वांतीवरील औषधे : उपयोग आणि तारतम्य



घाटातील प्रवासात गाडी लागते, गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत कोरडे उमासे येतात, हगवण लागलेले मूल पाजलेले सारे ओकून टाकते. या तिन्ही प्रसंगी औषधाच्या दुकानात मागणी एकच होते : "उलटीची गोळी द्या." वस्तुतः उलटी हा रोग नव्हे, ते लक्षण होय. मेंदूच्या तळाशी असलेल्या वांतिकेंद्रास निरनिराळ्या वाटांनी संदेश पोचतात आणि औषधे त्यांपैकी ठरावीक वाटाच अडवितात. अंतर्कर्णाकडून येणारा संदेश सिनारिझिन व प्रोमेथाझिन रोखतात. म्हणून ती प्रवासापूर्वी घ्यावयाची असतात, घाट सुरू झाल्यावर नव्हे. आतड्यातून सेरोटोनिनद्वारा निघणारा संदेश ऑनडॅनसेट्रॉन अडविते. कर्करोगावरील जहाल औषधोपचार १९९० नंतर अनेक रुग्णांना सुसह्य झाला, त्यात या औषधाचा वाटा मोठा आहे. गाडी लागण्यावर मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही.

गरोदर स्त्रियांच्या बाबतीत जगाने मोठी किंमत मोजली आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध विक्रीस आले आणि पुढे गरोदरपणातील मळमळीवरही ते निर्धास्तपणे दिले जाऊ लागले. १९६१ च्या अखेरीस ते तेथे मागे घेण्यात आले, तोवर हजारो अर्भकांच्या हातापायांत कायमची व्यंगे निर्माण झाली होती. अमेरिकेत त्यास विक्रीची परवानगी मिळाली नाही. कारण तेथील औषध प्रशासनातील डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी पुरेसा पुरावा मागितला आणि कंपनीच्या तगाद्यास दाद दिली नाही. फाइलीवरील एका शेऱ्याचे मोल शासकीय सेवकांस याहून निराळे सांगावयास नको. आज डॉक्सिलामिन व पायरिडॉक्सिन यांचे मिश्रण गरोदरपणात सुरक्षित मानले जाते. तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे.

मुलांच्या बाबतीत अधिक सावध राहणे अगत्याचे आहे. मेटोक्लोप्रामाइड हे जुने व परिचित औषध. मुलांत व तरुणांत त्यामुळे कधी कधी मान एकीकडे वळते, जबडा आखडतो, डोळे वर फिरतात. पाहणाऱ्यास हे फेफरे किंवा धनुर्वात वाटते. कोणी बाहेरची बाधा समजून मुलास देवऋषीकडे नेतो. वास्तविक योग्य इंजेक्शनाने हा प्रकार थोड्या वेळात उतरतो. युरोपीय औषध नियंत्रकांनी २०१३ मध्ये एक वर्षाखालील बालकांना हे औषध देण्यास मनाई केली.

शिवाय हगवणीत मूल दगावते ते मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने. १९७१ साली बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत कॉलरा पसरला आणि सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत भरून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. उलटी होत असतानाही हे पाणी पाजता येते, नव्हे, पाजलेच पाहिजे. उलटी झाल्यावर दहा मिनिटे थांबावे आणि मग पुन्हा चमच्याचमच्याने, सावकाश द्यावे. घाईने पेलाभर पाजल्यास ते बाहेर पडते आणि 'पाणीसुद्धा पचत नाही' असा गैरसमज होतो. डॉक्टर प्रसंगी ऑनडॅनसेट्रॉनची एक मात्रा देतात, तीही हे पाणी पोटात टिकावे म्हणून.

क्षारसंजीवनीची पाकिटे आशा कार्यकर्तीकडे व उपकेंद्रात मिळतात. ती गावात शिल्लक आहेत किंवा नाहीत, हे ग्रामपंचायत सदस्यांनी पावसाळ्यापूर्वीच पाहावे. उलटी हिरवी वा रक्तमिश्रित असेल, डोक्यास मार लागल्यावर ती सुरू झाली असेल, मूल मलूल पडले असेल अथवा त्यास लघवी होत नसेल, तर गोळीच्या शोधात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. शाळेतून वा घरातून मूल पाठविताना औषध दिले असल्यास त्याचे नाव व दिल्याची वेळ चिठ्ठीवर लिहावी. रिकामे वेष्टन असल्यास तेही सोबत द्यावे.