कारागिरीकडे पाहण्याची दृष्टी
(प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



चित्र, वास्तू अथवा जाहिरात यांपैकी काहीही मुलांपुढे ठेवले, की ‘किती सुंदर!’ असा उद्गार निघतो आणि बहुधा पाठ तेथेच संपतो. तो उद्गार खोटा नसतो. परंतु कर्त्याच्या श्रमाची व बुद्धीची ओळख त्यात नसते. कर्त्यापुढे कोणती अडचण होती आणि तिच्यातून त्याने कोणता मार्ग काढला, हे उमजणे म्हणजे रसग्रहण होय. ही दृष्टी आपोआप येत नाही. ती लावावी लागते, आणि ती लावण्याचे योग्य वय प्राथमिक शाळेतीलच आहे.

प्रथम चित्रकलेचे उदाहरण घेऊ. ठाणे व पालघर भागांतील वारली स्त्रिया लग्नप्रसंगी गेरूने सारवलेल्या भिंतीवर चौक लिहितात. रंग एकच, तांदळाच्या पिठाचा पांढरा. लेखणी म्हणजे टोक ठेचलेली बांबूची काडी. इतक्या मोजक्या साधनांनी चेहऱ्यावरील भाव रेखाटणे कठीण. म्हणून दोन त्रिकोण टोकाला टोक लावून मनुष्याचे धड होते आणि वर्तुळाचे मस्तक होते. तेच त्रिकोण किंचित कलते केले, की आकृती नाचू लागते, भात लावावयास वाकते, ओझे उचलते. जे चेहऱ्याने सांगता येत नाही, ते शरीराच्या कलाने सांगितले जाते. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर व कापडावर आणली. २०११ साली त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले.

वास्तूचे उदाहरण म्हणजे वेरूळचे कैलास लेणे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी, म्हणजे आठव्या शतकाशी, ते निगडित आहे. इतर देवळे पायापासून शिखराकडे बांधीत नेतात. येथे क्रम उलटा आहे. डोंगरात तीन बाजूंनी खोल चर खणून मधला कातळ मोकळा केला आणि तो वरून खाली कोरीत आणला. बांधकामात चुकलेला दगड काढून दुसरा बसविता येतो. येथे उडालेली कपची परत बसत नाही. म्हणून पहिली छिन्नी लागण्यापूर्वीच मंदिराचा आराखडा स्थपतीच्या मनात पक्का असणे भाग होते. ‘कथाकल्पतरू’त याविषयी एक कथा आहे. शिखर पाहिल्यावाचून अन्न घेणार नाही, असे व्रत राणीने धरले. तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या स्थपतीने आठवड्याच्या आत ते दाखविण्याचे वचन दिले. कथा दंतकथाच असेल; परंतु जेथे काम शिखरापासून आरंभते, तेथेच असे वचन देता येते, हे मुलांना सहज पटेल.

आता जाहिरात. अमूल लोण्याच्या फलकावरील मुलगी १९६६ साली सिल्वेस्टर डकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी घडविली. त्या काळी मोठे फलक रंगारी हाताने रंगवीत असत आणि ते वरचेवर पालटावे लागत. म्हणून आकृती चटकन काढता यावी आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या ध्यानात राहावी, अशीच हवी होती. ठिपक्यांचा झगा, टपोरे डोळे, वर बांधलेले केस. एवढ्या थोड्या खुणांवर ती मुलगी अर्धशतकाहून अधिक काळ ओळखली जात आहे.

मात्र येथे एक भेद मुलांच्या मनावर ठसविला पाहिजे. लेणे कोणास काही विकत घ्यावयास सांगत नाही, जाहिरात सांगते. चित्र कुशल आहे, म्हणून त्याखालील दावा खरा ठरत नाही. वेष्टनावर कोणती अक्षरे मोठी आहेत, कोणती बारीक आहेत, बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, हे पाहावयास शिकलेले मूल कौशल्याला दाद देईल, पण भुलणार नाही. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून मुलांसमोर दिवसभर जाहिराती येत असता हे शिक्षण वाचन-गणिताइतकेच निकडीचे झाले आहे.

यासाठी खर्च लागत नाही. आठवड्यातून एकदा गावातीलच एखादी वस्तू वर्गात आणावी आणि तीन प्रश्न विचारावेत : ही कशासाठी आहे? कशाची केली आहे? करणाऱ्याने कोणती अडचण सोडविली? सुपाचेच पाहा. त्याला तीन बाजूंनी काठ असतो आणि पुढची बाजू मोकळी असते. पाखडताना दाणे मागे राहावेत व फोलपट पुढून निघून जावे, यासाठी ही योजना. मुलांनी मूठभर धान्य पाखडून पाहिले, की उत्तर त्यांना आपणच सापडते. मग मडके, टोपली, जुन्या दाराची चौकट यांकडे त्यांची नजर आपसूक वळू लागते.

शक्य तेथे ती वस्तू करणाऱ्या कारागिरालाच शाळेत सन्मानाने बोलवावे आणि शिक्षकाने मुलांसह खाली बसून त्याचे काम पाहावे. बुरुडाचा, कुंभाराचा, सुताराचा मुलगा वर्गात पुष्कळदा मागे बसतो आणि बापाच्या धंद्याविषयी बोलावयास संकोचतो. ज्या दिवशी त्याच्या बापाच्या हातची वस्तू गुरुजींच्या टेबलावर येईल आणि तिच्यातील बुद्धी सर्व वर्ग वाखाणील, त्या दिवशी तो मुलगा मान वर करून बोलेल. प्रत्येक शाळेने या सत्रात असा निदान एक तास अवश्य घडवून आणावा.