खाणीचा गाळ, चुंबक आणि पाण्यातली अँटिबायोटिक्स

मी वाशिमचा, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आज जरा केमिस्ट्री, पण घाबरू नका.

आपण अँटिबायोटिकची गोळी घेतो, तिच्यातलं बरंचसं औषध लघवीवाटे बाहेर पडतं आणि गटारातून नदीत जातं. औषध कारखान्यांजवळ तर विचारूच नका. हैदराबादजवळच्या पाटणचेरूचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. तिथे प्रक्रिया करून सोडलेल्या सांडपाण्यात, एका लिटरमध्ये ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडलं! अशा पाण्यात तगून राहिलेले जंतू मग औषधाला दाद देत नाहीत. साधी जखमसुद्धा जिवावर बेतू शकते.

तुरटीने गढूळपणा बसतो, क्लोरीनने जंतू मरतात. पण विरघळलेलं औषध काढायला ही व्यवस्था बनलेलीच नाही.

मग उपाय काय? लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की असे आक्रमक कण तयार होतात, जे औषधाचे रेणू तोडतात. फेंटन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९४ मध्येच लोह-पेरॉक्साइडची ही जोडी दाखवली होती. अडचण एकच: विरघळलेलं लोह परत मिळत नाही, उलट गाळ साचतो. म्हणून लोहाची चुंबकीय पावडर वापरायची. काम झालं की चुंबकाने ओढून घ्या, धुवा, पुन्हा वापरा.

आता आपल्या विदर्भाकडे बघा. गडचिरोलीत सूरजागडला लोहखनिज, भंडाऱ्यात तुमसरजवळ डोंगरी बुजुर्गला मँगनीज. खाणीत चांगला माल निघतो तसा टाकाऊ मालही निघतो. लोह आणि मँगनीज मिळून मँगनीज फेराइट बनतं, ते चुंबकीय असतं. खाणीच्या गाळापासून अशा पावडरी प्रयोगशाळांत बनवल्या गेल्यात.

पण लॅबमधला डेमो आणि प्रॉडक्शन यात फरक असतो, हे आम्हा कोडवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. "९९ टक्के औषध गायब" अशी रील दिसली की तीन प्रश्न विचारा. शुद्ध पाण्यात तपासलं की खऱ्या गटाराच्या? पावडरीतले धातू पाण्यात उतरतात का? औषधाचे तुटलेले तुकडे विषारी तर नाहीत ना?

उत्तरं समाधानकारक असतील, तर हे यंत्र नळाला नको, दवाखान्याच्या आणि कारखान्याच्या सांडपाण्यावर बसवा. घाण नदीत मिसळण्याआधीच पकडणं सोपं.

तोवर आपल्या हातात एवढंच: पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती गोळी घेऊ नका. उरलेल्या गोळ्या मोरीत टाकू नका.

चला, भेटू पुढच्या भागात!