काचेच्या तंतूतील गलबला



मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्रतळातून केबली येतात. आपला परदेशांशी चालणारा बहुतेक संदेशव्यवहार त्यांच्यातील केसासारख्या काचेच्या तंतूंतून, प्रकाशाच्या रूपाने होतो. उपग्रहांचा वाटा त्यामानाने फारच थोडा. आज आम्ही आपल्यापुढे एकच साधा प्रश्न ठेवणार आहो : पलीकडे संदेश अस्पष्ट पोचत असेल, तर अलीकडून प्रकाश अधिक जोराने का सोडू नये?

काच कितीही निर्मळ असली तरी शंभर किलोमीटरांनंतर प्रकाशाचा सुमारे शंभरावा हिस्सा उरतो. १९८८ साली अटलांटिकखालून पहिली प्रकाशतंतूंची केबल टाकली, तेव्हा वाटेत ठिकठिकाणी प्रकाशाची वीज करून, संदेश पुन्हा नीट घडवून, नवा प्रकाश सोडावा लागे. त्याच सुमारास एर्बियम मिसळलेल्या तंतूचा वर्धक निघाला. त्यात प्रकाश प्रकाशच राहून वाढतो, आणि अनेक रंग एकदम वाढतात. मात्र प्रत्येक वर्धक आपल्या पदरची थोडी खरखर त्यात घालतो. महासागर ओलांडताना असे शंभराहून अधिक वर्धक लागू शकतात. तेव्हा संदेशाचा जोर वाढवून खरखर झाकावी, हे कोणालाही सुचेल.

येथेच काच आडवी येते. तीव्र विद्युत्क्षेत्रात काचेतील प्रकाशाची चाल बदलते, हे स्कॉटलंडच्या जॉन केर यांनी १८७५ साली दाखविले होते. प्रकाश स्वतःही असे क्षेत्र घेऊनच येतो. आपल्या तंतूत त्याची शक्ती काही मिलिवॉटच. पण तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या वाटेत कोंडलेला असतो आणि हजारो किलोमीटर जातो. त्यामुळे शेजारच्या रंगाची उघडझाप आपल्या रंगाच्या लहरी मागेपुढे ढकलते. तीन रंग मिळून चौथा निर्माण करतात आणि तो भलत्याच्याच जागी जाऊन बसतो. हा गलबला बाहेरून येत नाही. तो संदेशांचाच संदेशांना होणारा उपद्रव आहे. जोर दुप्पट केला तर संदेश दुप्पट होतो, हा गलबला मात्र आठपट!

मग योग्य जोर कोणता? तोरीनोचे पोज्जोलिनी आणि सहकारी यांनी २०११ पासून मांडलेल्या गणितातून मोठे सुटसुटीत उत्तर मिळते : गलबला वर्धकांच्या खरखरीच्या निम्मा होईल तेवढा. त्याच्या पुढे जोर वाढविणे म्हणजे नुकसानच.

यात एक गंमत आहे. निरनिराळे रंग निरनिराळ्या चालीने जातात, हा प्रथम दोष मानला गेला, आणि तो नाहीसा केलेले तंतूही बनविले. त्यांतून अनेक रंग सोडताच सगळे हातात हात घालून चालू लागले आणि गलबला कळसाला पोचला! आता ती तफावत मुद्दाम राखतात आणि पलीकडे गणकयंत्राकडून दुरुस्त करून घेतात. गलबलाही गणिताने काही अंशी उलटा फिरविता येतो. पण शेजाऱ्यांचे संदेश हाती नसले की तेवढा भाग तसाच राहतो, आणि वर्धकांची खरखर तर कोणत्याच हिशेबात सापडत नाही.

म्हणून अलीकडे तंतू वाढवून प्रत्येकात प्रकाश बेताचा ठेवतात. २०२१ साली अमेरिका व फ्रान्स यांच्या दरम्यान सुरू झालेल्या ड्युनांट केबलीत तंतूंच्या बारा जोड्या आहेत. वर्धकांची वीज किनाऱ्यावरूनच पुरवायची असल्याने ही काटकसर सोयीचीही पडते.

एका तंतूतून जास्तीत जास्त किती संदेश जाऊ शकेल, याचा अखेरचा आकडा मात्र अद्याप कोणी सिद्ध केलेला नाही. नीट ओळखलेला गलबला हा गलबलाच मानावा की संदेशाचाच भाग, यावर तज्ज्ञांचा वाद चालू आहे.