पावसातल्या रानवाटा: जर्मनीतील धावपटूंपुढचे धोके आणि लाभ

जर्मनीत पावसाळा नावाचा वेगळा ऋतू नाही. देशात वर्षाकाठी सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही बराच कमी. पण तो बाराही महिन्यांत विभागलेला असतो. त्यामुळे डोंगरातल्या, जंगलातल्या पायवाटांवर नियमित धावणाऱ्याला तो टाळता येत नाही. सह्याद्रीतल्या पावसाची सवय इथे फारशी कामी येत नाही, कारण जुलैमधला सह्याद्रीचा पाऊस सहसा उबदार असतो आणि जर्मनीतल्या डोंगरांवरचा पाऊस ऐन उन्हाळ्यातही बर्फगार असू शकतो. घसरून पडण्याची भीती सर्वांनाच वाटते. जिवावर बेतते ती मात्र थंडी.

१३ जुलै २००८ रोजी हे फार वाईट रीतीने दिसून आले. ऑस्ट्रियातील एअरवाल्ड या गावापासून जर्मनीतील सर्वांत उंच शिखर त्सुगश्पित्सपर्यंत (२,९६२ मीटर) चढत धावण्याची ती स्पर्धा होती. गाव साधारण १,००० मीटरवर आहे. उंचीगणिक तापमान दर १०० मीटरला सुमारे ०.६५ अंशाने उतरते. म्हणजे पायथ्याशी नुसता गारवा असला, तरी माथ्याजवळ पारा शून्याशी येतो. त्या दिवशी खाली पाऊस होता आणि वर बर्फ व बोचरा वारा. अनेक स्पर्धक अर्ध्या चड्डीत आणि पातळ टी-शर्टमध्ये होते. दोन धावपटू थंडी आणि थकव्याने मरण पावले, इतर काहींना उपचार घ्यावे लागले. आयोजकावर गार्मिश-पार्टेनकिर्शेनच्या न्यायालयात खटला चालला आणि डिसेंबर २००९ मध्ये तो निर्दोष सुटला. डोंगरात शिरणाऱ्याची स्वतःची जबाबदारी हा त्या खटल्यातला कळीचा मुद्दा होता. जंगलाचा कायदाही हेच सांगतो. १९७५च्या संघीय वन कायद्यानुसार विरंगुळ्यासाठी रानात जायला सर्वांना मोकळीक आहे, पण स्वतःच्या जोखमीवर.

थंडी चढते ती गुपचूप. धावताना स्नायू भरपूर उष्णता निर्माण करतात, म्हणून ओल्या अंगानेही ऊब वाटत राहते. मात्र पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. चढ संपून उतार लागला, पोटातले इंधन सरले, किंवा पाय मुरगळून थांबावे लागले, की हिशेब काही मिनिटांत उलटतो. आधी अंगाला कापरे भरते. मग बोटे बधिर होतात: जॅकेटची चेन चिमटीत धरता येत नाही, खाऊच्या पुडीचे टोक फाडता येत नाही. नेमके जे करायला हवे तेच हातून होत नाही. पुढे बोलणे अडखळते, विचार मंदावतो. आणि कापरे थांबले तर बरे वाटू लागले असे समजू नये, ती गंभीर अवस्थेची खूण असते. म्हणून जॅकेट बोटे चालती असतानाच चढवावे. सुती कपडे पाणी धरून ठेवतात, ते घरीच ठेवावेत. पाठीवरच्या पिशवीत टोपी, हातमोजे, कोरडा थर, थोडे खाणे, चंदेरी बचाव-चादर आणि चार्ज केलेला फोन असावा. आपत्कालीन क्रमांक ११२.

पायाखालचे धोके जागेप्रमाणे बदलतात. बीचच्या जंगलात ओल्या पानांच्या थराखाली मुळे दडलेली असतात. साल निघालेले ओले मूळ दगडापेक्षाही निसरडे. आल्प्समधला झिजून गुळगुळीत झालेला चुनखडक आणि ओढ्यांवरच्या लाकडी फळ्या यांवर खोल दातांचे तळवेही फार काही करू शकत नाहीत. तिथे पावले आखूड टाकावीत आणि वेग विसरावा. हार्त्स पर्वतातील ब्रोकेन (१,१४१ मीटर) वर्षातले सुमारे ३०० दिवस कधी ना कधी धुक्यात असतो, तिथे वाट चुकणे हाच मोठा धोका. जोराचा वारा असेल तर जंगल टाळलेलेच बरे, फांद्या आणि वाळलेली झाडे कोसळतात. विजा कडाडत असतील तर कड्यांवर आणि शिखरांवर थांबू नये. जर्मन हवामान खात्याचे इशारे चार पातळ्यांचे असतात. ते निघण्यापूर्वी पाहणे आणि अर्ध्या वाटेतून परतण्याची तयारी ठेवणे, हे बुटांच्या निवडीपेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

एवढे सांभाळून जो बाहेर पडतो त्याला पाऊस भरभरून देतो. गार हवेत शरीर तापत नाही, त्यामुळे लांब पल्ला उन्हापेक्षा सोपा जातो. भिजलेली माती पायांना मऊ लागते. असमान, ओल्या वाटेवर दर पावलाला घोटा आणि नजर एकमेकांशी जुळवून घेतात, आणि हे कसब सपाट डांबरी रस्ता कधीच शिकवत नाही. रविवारी गजबजणाऱ्या वाटा मोकळ्या असतात. शिवाय काही गोष्टी पावसाशिवाय दिसतच नाहीत. काळ्या, चकचकीत अंगावर पिवळे ठिपके असलेला अग्नि-सॅलमँडर एरवी दिवसा दगडाखाली किंवा कुजलेल्या ओंडक्यात दडून असतो. उबदार पावसात तो भर वाटेवर येऊन सावकाश चालू लागतो. त्याला हात लावू नये, कारण कातडीतून विषारी स्राव पाझरतो. आणि पायाखाली येऊ नये म्हणून जरा जपूनच धावावे.

धावणे संपताच ओले कपडे लगेच बदलावेत, घरी पोहोचेपर्यंत थांबू नये. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते सावलीत वाळवावेत, हीटरवर नव्हे. दमट गवतात गोचिडी असतात, तेव्हा गुडघ्यामागे, जांघेत आणि काखेत नीट पाहून त्या चिमट्याने काढाव्यात. दक्षिण जर्मनीत त्यांच्यामुळे मेंदूज्वर होऊ शकतो. त्यावर लस आहे. नियमित रानात जाणाऱ्याने ती घ्यावी.