शेजाऱ्याचा दिनार

'समाधान' हा शब्द आपण मराठीत दोन अर्थांनी वापरतो. जेवून उठलेला पाहुणा म्हणतो, "समाधान झाले." आणि वर्गात एखादा विद्यार्थी हात वर करतो, तेव्हा त्याच्या शंकेचे समाधान करायचे असते. पहिल्या अर्थी पोट भरते, दुसऱ्या अर्थी प्रश्न मिटतो. मला वाटते, आपले असमाधान पुष्कळदा पोटाचे नसतेच. ते एका न मिटलेल्या प्रश्नाचे असते. त्याला इतके, मग मला का नाही? पगारवाढीची यादी लागली की आपण आधी स्वतःचा आकडा पाहतो आणि लगेच बोट सरकते ते शेजारच्या नावाकडे. पहिल्या आकड्याचा आनंद दुसरा आकडा दिसेपर्यंतच! हल्ली तर यादीचीही वाट पाहावी लागत नाही. मोबाइल उघडा, की दुसऱ्याचे घर, दुसऱ्याची सहल, दुसऱ्याच्या मुलाचे गुण, सारे तळहातावर हजर.

या प्रश्नाला येशूने एका गोष्टीतून हात घातला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील २० व्या अध्यायात ती आहे. द्राक्षमळ्याचा एक मालक पहाटेस चौकात जातो आणि दिवसाला एक दिनार ठरवून मजूर लावतो. दिनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची नेहमीची मजुरी. पुन्हा तो नऊच्या सुमारास जातो, दुपारी बाराला जातो, तीनला जातो; आणि दिवस मावळायला तासभर उरला असता आणखी एकदा जातो. तेव्हाही तिथे माणसे उभीच! का उभे, तर कोणी कामाला लावले नाही म्हणून. त्यांनाही तो मळ्यात पाठवतो. संध्याकाळी मजुरी वाटताना मात्र तो क्रम उलटा लावतो. शेवटी आलेल्यांना आधी, आणि एक पूर्ण दिनार.

हा उलटा क्रम नीट ध्यानात घ्या, सगळी गोष्ट त्यात आहे. पहाटे आलेल्यांना आधी पैसे दिले असते, तर ते दिनार कनवटीला लावून खुशाल घरी गेले असते. त्यांचा दिनार खोटा नव्हता, कमी नव्हता, ठरल्याप्रमाणे होता. पण त्यांनी दुसऱ्याच्या हातातला दिनार पाहिला आणि त्याच क्षणी स्वतःच्या हातातला हलका झाला. नाणे तेच, वजन गेले कुठे? मालक त्यांच्यापैकी एकाला जे विचारतो, त्यात मूळ ग्रीक भाषेत 'वाईट डोळा' असा प्रयोग आहे. मी उदार झालो, हे तुझ्या डोळ्यांत खुपते काय, असा त्याचा भाव. हा अर्थ मराठी माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. नजर लागणे, डोळ्यांत सलणे, हे सगळे आपल्या घरचेच.

आता मजुरांचा हिशेब चूक होता काय? तसे पाहिले तर नाही. बारा तास आणि एक तास यांची मजुरी सारखी कशी? पण हा हिशेब अपुरा होता. आपल्या शहरांतल्या मजूर अड्ड्यावर सकाळी दहानंतर कधी जाऊन पहा. ज्यांना काम मिळाले ते केव्हाच गेलेले असतात. जे उरतात त्यांच्या चेहऱ्यावर एकच विचार असतो, आज घरी काय न्यायचे? पहाटेच्या मजुरांनी दिवसभर ऊन सोसले खरे. पण रात्रीची भाकरी निश्चित आहे हे मनात ठेवून सोसले. चौकात उभे राहिलेल्यांनी दिवसभर काय सोसले, ते कोणत्या रकान्यात मांडणार? तुलना करताना आपण तास मोजतो, नाणी मोजतो. दुसऱ्याची धास्ती आपल्याला दिसत नाही, म्हणून ती बेरजेत येत नाही.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा. समाधान माना, हा उपदेश पोट भरलेल्यांनी उपाशी माणसाला आजवर पुष्कळ केला आहे. दुर्दैवाने उपदेशपीठावरूनही केला आहे. पण ज्या नव्या करारात ही गोष्ट आहे, त्याच नव्या करारात याकोबाचे पत्र आहे. शेतकाम केलेल्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी धनिकांविरुद्ध ओरडते आहे, असे ते ५ व्या अध्यायात बजावते. गोष्टीतला मालकही कोणाचा पैसा बुडवत नाही. हक्काचे मागणे वेगळे आणि दुसऱ्याला मिळाले म्हणून जळणे वेगळे. पहिल्याला न्याय म्हणतात. त्याच्या आड समाधानाचा पडदा कोणी लावू नये.

मग हे समाधान येते कुठून? काही माणसे जन्मतःच शांत असतात. त्यांच्यापाशी आपल्याला शिकण्यासारखे थोडेच असते. संत पौल तसा नव्हता. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात आपली कुळी तो एका दमात मोजून दाखवतो: आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, पंथाने परूशी. तुलनेच्या शाळेतला तो पहिल्या बाकावरचा विद्यार्थी! आणि ज्यांना लिहितो तेही काही कमी नव्हते. फिलिप्पै ही रोमन वसाहत. इसवी सनापूर्वी ४२ साली तिथे मोठी लढाई झाली आणि मग निवृत्त रोमन सैनिकांना तिथे जमिनी मिळाल्या. आम्ही रोमन, हा त्या गावाचा ताठा.

हे पत्र पौलाने कैदेत लिहिले. परंपरा सांगते, रोममध्ये, सन ६० नंतर लवकरच. तेव्हा बाहेर काही मंडळी ख्रिस्ताचा प्रचार करत होती, आणि त्यांतली काही निव्वळ चुरशीने, पौलाला डिवचावे म्हणून. तो साखळीत, ते मोकळे. दुसरा कोणी असता तर कोठडीत कुढत बसला असता. पौल म्हणतो, मग काय झाले? प्रचार तर होतो आहे ना, मला आनंद आहे. हा माणूस दगड नव्हे; त्याच पत्रात तो आपली दुःखेही सांगतो. पण कामाचे श्रेय कोणाच्या खात्यावर जमा होते, हे पाहणे त्याने सोडले होते.

पुढे ४ थ्या अध्यायात तो सांगतो की, असेल त्या स्थितीत समाधानी असणे आपण शिकलो आहोत. त्याने वापरलेला शब्द स्टोइक तत्त्वज्ञांच्या आवडीचा. त्याच्याच काळात रोममध्ये सेनेका होता, तोही त्याच शाळेचा. स्टोइकाचे समाधान म्हणजे मला कोणाची गरज नाही. पौलाचे तसे नाही; त्याचे बळ त्याला देणाऱ्याकडून येते. आणि लगेच पुढच्या ओळीत तो वापरतो ते क्रियापद गूढ पंथांतल्या दीक्षेचे आहे. भरल्या पोटाची आणि उपासाची, दोन्हींची दीक्षा! ध्यानात घ्या, भरल्या पोटीही समाधान शिकावे लागते, असे तो म्हणतो. मला तर तोच धडा अधिक अवघड वाटतो.

फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर पौलाला काही मदत पाठवली होती. पौलाने ती परत केली नाही, आनंदाने घेतली. एपफ्रदीत तिथे मरणाच्या दारी जाईपर्यंत आजारी पडला. ती बातमी गावी पोचली, आणि आपल्यामुळे घरची माणसे काळजीत पडली या विचाराने तो तळमळू लागला. कैदेतल्या म्हाताऱ्याला खरे तर हाताशी माणूस हवा होता. पण त्याने बरा झालेल्या एपफ्रदीताला घरी पाठवले, आणि पत्रात लिहिले की याचे आनंदाने स्वागत करा, अशा माणसांना मान द्या.