सरकी, शाळू आणि आपलं ताट



सोलापुरात येऊन ज्वारीवर बोलायचं म्हणजे पंढरपुरात जाऊन कीर्तन शिकवण्यासारखं आहे. तरी आयोजकांनी अध्यक्षपद दिलंय, तेव्हा थोडं धाडस करतो.

विषय दिलाय तो मुख्य अन्नपिकं, जनुकीय बदल आणि आहार. जीएमचं नाव निघालं की सभागृहात दोन तट पडतात. एकाला त्यात भुकेवरचा उतारा दिसतो, दुसऱ्याला विष. हे भांडण मी बरीच वर्षं ऐकतोय. ते चालू असतानाच आपलं ताट पार बदलून गेलं आणि त्या बदलात प्रयोगशाळेचा हात फारसा नव्हता. तो बदल रेशनच्या दुकानातून आला, पाटाच्या पाण्यातून आला आणि मजुरीच्या हिशेबातून आला. मला आज बोलायचंय ते याबद्दल.

महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा इथे ज्वारीखाली साठ लाख हेक्टरच्या आसपास जमीन होती. आज ती त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली आली आहे. ज्वारीचं बियाणं वाईट झालं म्हणून हे घडलं का? नाही. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात इतक्या दशकांनंतरही रब्बीत पेरली जाते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हमीभाव जाहीर होतो तेव्हा मालदांडीचा भाव वेगळा सांगतात. २०२४-२५ साली संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३,३७१ रुपये होते आणि मालदांडीला ३,४२१. म्हणजे कागदावर मान आहे. पण हमीभाव जाहीर होणं वेगळं आणि त्या भावाने माल उचलला जाणं वेगळं, हे इथल्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. गहू आणि तांदळाला सरकारी गोदामाचा रस्ता माहीत आहे. ज्वारीला तो अधूनमधून सापडतो.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असं स्पष्ट लिहिलं होतं. एक रुपयात ज्वारी! काही जिल्ह्यांत कधीमधी ती रेशनवर येते, पण पिशवीत मुख्यतः गहू-तांदूळच पडतात आणि २०२३ पासून तेही फुकट. ज्या घरात फुकट गहू येतो, तिथल्या माउलीने विकतची ज्वारी दळून भाकरी थापावी, असं आपण आहारतज्ज्ञांनी कोणत्या तोंडाने सांगायचं?

थापण्याचंही बघा. ज्वारीच्या पिठात ग्लूटेन नाही, म्हणून आधण ओतून मळावं लागतं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी परातीतच मोडते. त्यामुळे गव्हाच्या आट्यासारखी महिनाभराची पिशवी भरून ठेवता येत नाही. थोडं थोडं दळून आणावं लागतं. दिवसभर कामावर जाणाऱ्या बाईने हा खटाटोप रोज का करावा? सोलापूरच्या बायकांनी यावर स्वतःच उत्तर शोधलं. कडक भाकरी करून ती पाकिटात घालून गावोगाव विकली. पौष्टिक तृणधान्यांवर २०२३ सालात जेवढी भाषणं झाली, त्या सगळ्यांपेक्षा या बायकांनी जास्त ज्वारी लोकांच्या पोटात घातली असावी, असं मला उगीच वाटतं.

शेतात तर हिशेब आणखी कडक आहे. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, उपटून काढायचा म्हणजे हाताला फोड येतात आणि त्या कामाला आता माणूस मिळत नाही. त्याआधी पाखरं राखायची. शेजारच्या चार शेतांत ज्वारी नसेल, तर साऱ्या शिवारातली पाखरं तुमच्याच कणसांवर उतरतात. म्हणून एकाने सोडली की दुसराही सोडतो. जी काही ज्वारी टिकून आहे, ती बऱ्याच ठिकाणी कडब्यामुळे. शेकड्याला कडबा काय भावाने जातो, यावर पुढची पेर ठरते. माणसाची भाकरी जनावराच्या वैरणीने वाचवली आहे.

आता ज्वारीचं गुणगान करणाऱ्यांनाही थोडं टोचतो. जुन्या ताटात अमृत होतं असा समज हल्ली फार पसरलाय. हैदराबादला पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास दख्खनमधल्या ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा आजार का दिसतो, याचा शोध घेतला. ज्वारीतल्या ल्युसीन या अमिनो आम्लाकडे त्यांनी बोट दाखवलं. त्या मीमांसेवर पुढे वाद झाला. पण निव्वळ भाकरी-मिरचीवर राबणाऱ्या माणसाची कातडी सोलवटत होती, हे कुणी नाकारलं नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली तांबडी मिलो आणि कामावर मिळालेली सुकडी ज्यांनी खाल्ली, ते गव्हाच्या पोळीला चैन का समजतात, हे आपण समजून घ्यायला हवं. ज्वारीसोबत डाळ, पालेभाजी, ताक असेल तर ती उत्तम. एकटी ज्वारी ही गरिबीची खूण होती.

आणि जीएम? ते आपल्या घरात कधीच शिरलंय, मागच्या दाराने. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. कापूस अंगावर घालायचा, म्हणून अन्नाचा प्रश्न कुणी काढला नाही. पण कापसातून सरकी निघते, सरकीतून तेल निघतं आणि ते तेल फरसाणाच्या कढईत जातं. उरलेली पेंड म्हशीपुढे जाते. २०१० च्या सुरुवातीला बीटी वांग्यावर नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्यासमोर आरडाओरड झाली आणि ९ फेब्रुवारीला वांग्याला स्थगिती मिळाली. त्या वांग्यातलं जनुक होतं क्राय१एसी, म्हणजे पहिल्या बीटी कापसातलंच. सभेत वांग्याला विरोध करून माणसं बाहेर आली आणि सरकीच्या तेलातली भजी खाऊन घरी गेली. जालन्याच्या कंपनीत तयार झालेलं ते वांगं बांगलादेशात २०१४ पासून पिकतं आहे.

यात कुणाला घाबरवायचा हेतू नाही. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरतच नाही. अर्जेंटिना-ब्राझीलहून येणारं सोयातेलही जीएम सोयाबीनचंच. आपण तेही वर्षानुवर्षं खातो आहोत. माझा आक्षेप लपवाछपवीला आहे. जीएम अन्नाच्या पाकिटावर तसं छापायचा नियम १ जानेवारी २०१३ पासून लागू झाला होता. तुमच्यापैकी किती जणांनी तेलाच्या पिशवीवर ती दोन अक्षरं पाहिली, हात वर करा. ग्राहकाला न सांगता त्याचा विश्वास मिळवता येत नाही; मग चांगल्या वाणालाही तो नाकारतो.

अ जीवनसत्त्वासाठी तयार केलेल्या जीएम तांदळाचं, गोल्डन राइसचं, तसंच झालं. पोट्रिकुस आणि बायर या शास्त्रज्ञांचं त्यावरचं काम २००० साली प्रसिद्ध झालं. फिलिपिन्सने २०२१ साली लागवडीला परवानगी दिली आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथल्याच न्यायालयाने ती थांबवली. या पाव शतकात अ जीवनसत्त्वाचा प्रश्न गोळ्या, भाज्या आणि अंड्यांनी जिथे जेवढा सुटायचा तेवढा सुटला. मी त्या तांदळाच्या विरोधात नाही. पण एका वाणावर एवढी आशा आणि एवढा राग, दोन्ही खर्च करणं मला परवडणारं वाटत नाही.

याउलट आपल्याकडे लोह जास्त असलेली धनशक्ती बाजरी २०१२ साली महाराष्ट्रात आली. साध्या निवड पद्धतीने, कुठलंही परकं जनुक न घालता तयार केलेली. तिच्यासाठी मोर्चा निघाला नाही, तिच्याविरुद्धही नाही. रक्तक्षयावर आपण इतकं बोलतो, तर शाळेच्या खिचडीत आणि अंगणवाडीच्या आहारात ही बाजरी किती पोहोचली, हे आपणच मोजायला नको का?

पुढचं पाऊल पडलंही आहे. मे २०२५ मध्ये जनुक-संपादित भाताच्या दोन जाती देशात जाहीर झाल्या. त्यांत बाहेरचं जनुक नाही, म्हणून त्यांना जीएमचे कडक नियम लागू नाहीत. उद्या कुणी ज्वारीत हे तंत्र वापरून उपटायला सोपा, यंत्राने कापता येईल असा शाळू केला, तर मी त्याचं स्वागत करीन. मजुरीचा ताण खरा आहे. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी बंदी असलेला तणनाशक-सहनशील कापूस उघडपणे पेरला, तो खुरपणीच्या मजुरीला कंटाळून. तंत्रज्ञान चांगलं की वाईट, हा वाद त्या दिवशी त्यांच्या बांधावर नव्हता. पण शाळू यंत्राने कापला आणि बाजारात त्याला कुणी विचारलं नाही, तर ती जातही कपाटात जाऊन बसेल.

कार्यक्रमपत्रिका माझ्यासमोर आहे. जनुक संपादनावर तीन निबंध आहेत, पोषणमूल्यांवर पाच आहेत. ज्वारीच्या सरकारी खरेदीवर, साठवणुकीवर, रेशनवर एकही नाही. उद्या दुपारच्या खुल्या सत्राचा एक तास त्यासाठी द्यावा आणि बाजार समितीच्या लोकांना बोलवावं, अशी आयोजकांना माझी विनंती आहे. ते इथे रिक्षाने येऊ शकतात. आता पहिल्या निबंधकारांनी सुरुवात करावी.