श्रेयांकाचं वजन

निकालपत्रात टक्क्यांऐवजी ७.३३ असा आकडा दिसला की घरची मंडळी बुचकळ्यात पडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या श्रेणीपद्धतीत ‘ओ’ म्हणजे १०, ‘बी’ म्हणजे ६ आणि नापासाला शून्य. प्रत्येक विषयाच्या श्रेणीचा आकडा त्या विषयाच्या श्रेयांकांनी (क्रेडिट्सनी) गुणतात आणि बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागतात. खरी मेख इथेच आहे.

चार श्रेयांकांच्या गणितात ‘बी’ आणि दोन श्रेयांकांच्या विषयात ‘ओ’ मिळाला, तर सरासरी ७.३३. हेच उलटं झालं तर ८.६७!

तेव्हा वेळापत्रकात पहिला मान जास्त श्रेयांकांच्या विषयाला.

अभ्यासाची रीतही बघावी. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ सालच्या प्रयोगात, उतारा नुसता पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला. जुन्या प्रश्नपत्रिका पुस्तक मिटून सोडवायच्या, त्या यासाठीच.